ओठांवर वाजवलेली तबकडी

लेम टॅगर्टचं नाव पहिल्यांदाच तबकडीवर मोठ्या अक्षरांत छापायचं ठरलं आणि नेमके त्याच वसंतात त्याचे वरचे पुढचे दोन दात गेले. देवाच्या मनात काय असतं ते त्यालाच ठाऊक, असं म्हणून त्याची बायको व्हर्नेटा गप्प बसली. ती अशा वेळी फार बोलत नसे. पदार्थ मऊ शिजवायला लागली, एवढंच.

लेम अमेरिकेतल्या न्यूअर्क शहराच्या तिसऱ्या वॉर्डातला. दिवसा बिअरच्या कारखान्यात बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्याशी उभा राहायचा आणि संध्याकाळी टेनर सॅक्सोफोन वाजवायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईवरून परत आल्यापासून त्यानं कितीतरी तबकड्यांवर साथ केली होती. जुन्या तबकड्यांवर तर साथवाल्यांची नावंच नसत. मोठ्या तबकड्या निघाल्या तेव्हा वेष्टनाच्या मागच्या बाजूला, बारीक टायपात, शेवटून दुसरं किंवा तिसरं असं त्याचं नाव यायला लागलं. त्याला सगळे बोलवत, कारण तो वेळेवर येई, दारू पिऊन येत नसे आणि ज्याचा ध्वनिमुद्रणाचा दिवस असेल त्याला हवं तसं वाजवी. कुणाला जोरकस हवं, कुणाला हळवं हवं, लेम मान डोलवायचा. मिरवायचं दुसऱ्यानं आणि भार उचलायचा ह्यानं, असं त्याचं आयुष्य चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याची त्याबद्दल तक्रारही नव्हती. पण चाळिशी जवळ आली तसं त्याला वाटायला लागलं, की आपल्या डोक्यात काय वाजतं ते एकदा तरी लोकांनी ऐकावं.

ती संधी गेल्बर नावाच्या माणसानं दिली. त्याची तबकड्यांची लहानशी कंपनी होती. ध्वनिमुद्रणाला जूनमधला एक दिवस ठरला, साथीदार लेमनं निवडायचे, चाली लेमच्या. ट्रम्पेटला त्यानं कॉर्डेल मेबनला सांगितलं. आजवर कॉर्डेलच्याच हाताखाली त्यानं सर्वांत जास्त वाजवलं होतं. ड्रमवर जूनियस बिग्ज. दोघंही जुने दोस्त.

दातांचं दुखणं मात्र जुनंच होतं. सॅक्सोफोनवाला खालचा ओठ दातांवर दुमडतो आणि वरचे दात थेट माउथपीसवर, म्हणजे वाद्याच्या तोंडात धरायच्या टोकावर, टेकवतो. लेम तर ते असे रोवायचा, की माउथपीसवर दोन खळगे पडले होते. हिरडी सुजली, पू झाला, तरी तो लवंग दाबून वाजवत राहिला. शेवटी दंतवैद्यानं दोन्ही दात काढले आणि छोटी कवळी बसवली. घरी येऊन लेमनं वाजवून पाहिलं. कवळी हलली, सूर फाटला, आणि गळक्या किटलीतून वाफ निघावी तसा आवाज आला. व्हर्नेटा स्वयंपाकघरात पाठमोरी होती. ती वळली नाही.

तिनं सुचवलं, की गेल्बरला सांगून दिवस पुढे ढकलावा. लेम म्हणाला, "पुढे ढकललेला दिवस परत येत नाही, व्हर्नेटा. त्याच्या दाराशी टेनरवाल्यांची रांग आहे. माझे दात गेले हे कुणाला कळता कामा नये. कॉर्डेललासुद्धा नाही."

मग त्यानं हसणं बंद केलं. तोंडावर हात धरून बोलायचा, तेही कामापुरतं. कॉर्डेलचं एका ध्वनिमुद्रणासाठी बोलावणं आलं तर तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं साथीला नाही म्हटलं होतं.

व्हर्नेटानं त्याला न विचारता एक गोष्ट केली. चर्चमध्ये तिच्याबरोबर पांढऱ्या हातमोज्यांत लोकांना जागा दाखवायला आयडेला क्रंप नावाची बाई असे. तिचं केस बसवायचं दुकान होतं. लढाईच्या काळात ही आयडेलाबाई बायकांच्याच बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत बसमधून अर्धा देश फिरली होती. नवरा वारल्यावर तिनं वाद्य विकलं. व्हर्नेटानं तिला सगळं सांगून टाकलं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. लेमच्या पुढे तळलेली कोंबडी तशीच पडली होती. आयडेलाबाई ताट घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली.

"ती कोंबडी तुझ्याकडे बघतेय आणि तू तिच्याकडे. कुणीतरी सुरुवात करा."

लेमनं बायकोकडे असं पाहिलं, की व्हर्नेटा कॉफी आणायला उठून गेली.

"तिच्यावर डोळे वटारू नकोस," आयडेलाबाई म्हणाली. "वरचा ओठ आत दुमडता येतो का तुला?"

"खालचा दुमडतोच की, सिस्टर आयडेला," लेम चर्चमधल्या रीतीनं म्हणाला.

"मी वरचा म्हणाले. माझे मास्तर दोन्ही ओठ दुमडायचे. जुने क्लॅरिनेटवाले सगळे तसेच. दात लागतच नाहीत रे त्याला. ओठ लागतात आणि सोसायची तयारी."

सोमवारी तिचं दुकान बंद असे. लेम कारखान्यातून सुटला की वाद्य घेऊन तिथे जायचा. ती स्वतः वाद्याला हात लावत नसे. आठवड्याभराचे कंगवे धूत बसायची आणि ऐकायची. दोन्ही ओठ दुमडून वाजवायचं म्हणजे सगळा भार वरच्या ओठाच्या आतल्या कातडीवर येतो. थोड्याच वेळात ती सोलवटते. लेम थांबला, रुमालाला रक्त लागलं, तो काकुळतीनं काही बोलायला गेला, तर ती मान वर न करता म्हणाली, "पोरं दात येताना रडतात, तू गेल्यावर रडतोस. चालू दे."

उभं राहून वाजवलं तर वाद्य हलतं आणि ओठ सुटतो, म्हणून तिनं त्याला बसवलं. वाद्य मांडीला टेकवायला लावलं. मग नुसते लांब सूर. व्हर्नेटा त्याला मक्याच्या कण्या लोणी घालून द्यायची, मिठाशिवाय, कारण मीठ लागलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. घरी तो भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि एकच सूर धरायचा. ती शेजारच्या खोलीत गुडघे टेकून प्रार्थना करी. काय मागत होती ते तिनं कधी सांगितलं नाही.

हळूहळू सूर टिकायला लागला. पण तो जुना सूर नव्हता. आधीचा लेम भिंत पाडेल असा वाजवायचा. हा आवाज लहान, गोल, जवळ येऊन बोलल्यासारखा होता. लेमला तो आवडत नव्हता. आयडेलाबाईनं कंगवा पुसत विचारलं, "हा कुणाचा आवाज आहे?" तो म्हणाला, माहीत नाही. ती म्हणाली, "मग ओळख करून घे. जून आलाच."

ध्वनिमुद्रण नदीपलीकडच्या गावात, ध्वनी टिपणाऱ्या एका यंत्रवाल्याच्या घरच्या दिवाणखान्यात होतं. लेम सगळ्यांच्या आधी पोचला. कॉर्डेल आणि जूनियस आले तेव्हा त्यानं ओठ मिटून नुसती मान हलवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पहिली चाल जलद होती. हिवाळ्यात, दात शाबूत असताना बांधलेली. आणि बसून वाजवलं तर विचारतील, म्हणून लेम उभा राहिला. चार ओळी झाल्या नाहीत तोच ओठ सुटला. दुसऱ्यांदा घेतलं. जूनियस असा बडवत होता, की लेमचा सूर त्याखाली चिरडला. तिसऱ्यांदा आणखी जोरात. कॉर्डेलचं ट्रम्पेट मात्र झळाळत होतं.

गेल्बर यंत्राच्या खोलीतून, काचेमागून बाहेर आला. माणूस वाईट नव्हता. लेमला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "हे बघ, सगळे आलेत, यंत्र लागलंय, दिवस फुकट घालवता येणार नाही. आज नाव कॉर्डेलचं घालू. तू नेहमीसारखी साथ कर. तुझं नंतर कधीतरी बघू."

लेमची मान सवयीनं डोलायला निघाली होती. त्यानं ती अर्ध्यात थांबवली. ह्या एका दिवसासाठी सोललेला ओठ जिभेला लागत होता. नंतर कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे त्याला गेल्बरपेक्षा चांगलं कळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "मला एक खुर्ची हवी."

मग तो साथीदारांकडे वळला, बोटानं ओठ वर उचलला आणि कवळी काढून हातात धरली.

"वरचे दोन गेलेत. म्हणून असं वाजतंय. आता दोन्ही ओठांवर वाजवतो. जुना आवाज पुन्हा यायचा नाही."

मग जूनियसनं काड्या मांडीवर ठेवल्या.

"म्हणून तू हसत नव्हतास होय? आम्ही म्हटलं, ह्याचं नाव मोठ्या अक्षरांत यायचंय म्हणून ह्याला आमच्याशी बोलायला जड जातंय. कॉर्डेलला नाही म्हणालास, मला साधं 'कसा आहेस' नाही. वाटलं, जरा जमिनीवर आणावं ह्याला."

"म्हणून बडवत होतास?"

"मग? प्रेमानं?"

लेम हसला. भगदाड दिसेल ह्याची पर्वा न करता, पोट धरून हसला. कॉर्डेल मात्र खाली बघत ट्रम्पेटच्या कळा उगाच दाबत होता. तो म्हणाला, "मला सांगायचं होतंस, लेम. मलासुद्धा नाही?" लेम म्हणाला, चुकलं. त्यावर कॉर्डेलनं स्वयंपाकघरातली खुर्ची स्वतः उचलून आणली.

मग लेमनं आयुष्यभर दुसऱ्यांकडून ऐकलेली कामं स्वतः सांगितली. जूनियसनं काड्या ठेवून तारांचे ब्रश घ्यावेत. कॉर्डेलनं ट्रम्पेटच्या तोंडाला आवाज दबवणारं बूच लावावं आणि दुरून वाजवावं. माईक इथे, माझ्या गुडघ्याशी. आणि तीच चाल, पण चालत्या माणसाच्या नाही, बसलेल्या माणसाच्या लयीत. यंत्रवाला माईक सरकवताना पुटपुटला, की इतक्या जवळून श्वासाचाही आवाज येईल. येऊ दे, लेम म्हणाला. कवळी बसवून त्यानं पायानं ताल धरला आणि दोन्ही ओठ आत घेतले.

संध्याकाळपर्यंत सहा चाली झाल्या. गेल्बरनं शेवटची पुन्हा ऐकली, बराच वेळ डोक्यावरून हात फिरवला आणि नावाबद्दल पुन्हा काही काढलं नाही.

तबकडी शरद ऋतूत आली. वेष्टनावर लेम टॅगर्ट, मोठ्या अक्षरांत. एका मासिकात कुणीतरी लिहिलं, की टॅगर्टचा दरारा ओसरला. दुसऱ्यानं लिहिलं, की इतकं जवळचं टेनर त्यानं पूर्वी ऐकलं नव्हतं. खप बेताचाच झाला. पुढच्या सोमवारी लेम नेहमीसारखा बाटल्यांच्या पट्ट्यावर होता, आणि त्या महिन्यात कॉर्डेलचं साथीसाठी बोलावणं आलं तेव्हा आनंदानं गेलाही.

एका रविवारी चर्चहून आल्यावर व्हर्नेटानं आयडेलाबाईला जेवायला ठेवून घेतलं आणि तबकडी लावली. आयडेलाबाई टोपीही न काढता दोन्ही बाजू ऐकत बसली. व्हर्नेटाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्या ती पुसतही नव्हती. शेवटी तिनं सुई उचलली. लेम वाट बघत होता.

"तिसऱ्या चालीच्या शेवटी श्वास अपुरा पडलाय," आयडेलाबाई म्हणाली.

"कळलं होतं मला."

"कळलं होतं तर काय करणार आहेस?"

लेमनं खुर्ची भिंतीपासून ओढून घेतली आणि वाद्याची पेटी उघडली. व्हर्नेटानं जेवण पुन्हा विस्तवावर ठेवलं.