दुपारचं कुलूप

मार्केटमधल्या बायकांच्या स्वच्छतागृहाची राखण आत्याकडे आली, त्या दिवसापासून तिथल्या डासांनीसुद्धा दुसरीकडे सोय बघितली, असं भाजीवाल्या म्हणायच्या. खरं तर ती आत्या होती शेजारच्या गाळ्यावर सुया, दोरे, बटणं विकणाऱ्या बाईच्या मुलीची. पण त्या पोरीने लहानपणी "आत्या, आत्या" करत मार्केट असं डोक्यावर घेतलं, की बघता बघता सगळ्यांचीच ती आत्या झाली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात वायपर आणि जिभेला धार. ओले पाय घेऊन कोणी आत शिरलं की म्हणायची, "बाई, ही फरशी आहे, नदीकाठ नाही." त्यावर एखादी खमकी उत्तर द्यायची, "आत्या, ज्या कामाला आलोय ते कोरडं राहून कसं करायचं, तेवढं शिकवा." मग दोघीही हसायच्या.

नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली होती. भाऊ ट्रकवर ड्रायव्हर, घरी असला तर असला. म्हणजे राहायचं होतं ते वहिनीबरोबर, त्याच सुया-दोरेवाल्या बाईबरोबर. नणंद कायमची येऊन बसली की भल्याभल्या घरांत भांड्याला भांडं लागतं. वहिनीने मात्र आपल्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, आणि थोड्याच दिवसांत बातमी आणली. "वन्सं, आमच्या गाळ्याशेजारी राखणीची जागा निघालीय. काम घाणीचं आहे, पण तुमचं स्वतःचं असेल. कोणापुढे मान खाली घालायला नको." हे बोलणं आत्याने मनात जपून ठेवलं. वहिनीची मान ताठ राहावी म्हणून तिने त्या भिंती घासून घासून लख्ख केल्या.

नगरपालिकेने तिच्या कामाची दखल घेतली. दारावर 'आदर्श स्वच्छतागृह' अशी पितळी पाटी लागली. तिच्याच शेजारी आरोग्य खात्याचं पोस्टर होतं, त्यावर हसरा ग्लास आणि खाली अक्षरं, 'भरपूर पाणी प्या, निरोगी राहा'. वहिनीने त्या दिवशी गाळा सोडून येऊन पाटीवरून पदर फिरवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "आमच्या वन्संनी मिळवलीय."

पाटी आली आणि आत्याची झोप उडाली. तपासणीचे साहेब न सांगता यायचे, आणि यायचे ते दुपारीच. ओल्या फरशीवर चिखलाचं एक पाऊल दिसलं तर पाटी जाईल, पाटी गेली तर नोकरी जाईल, आणि मग पुन्हा भावाच्या दारात बसायचं, असं तिच्या डोक्याने घेतलं. म्हणून जेवणवेळेआधी ती सगळं धुऊन काढायची, दाराला कुलूप लावायची आणि चारला उघडायची. तिला हे करायला कोणी सांगितलं नव्हतं. बायका यायच्या, कुलूप बघायच्या आणि पाय आवळत परत फिरायच्या. साहेब यायचे, आत्या कुलूप काढायची, साहेब कोरड्या फरशीवर बूट वाजवत एक चक्कर मारून "वा" म्हणायचे. ज्या जागेत कोणाला पाऊलच टाकू द्यायचं नाही, ती स्वच्छ राहिली तर त्यात वा कसली? पण इतका साधा प्रश्न विचारायला लागणारं डोकं त्या कचेरीत कोणाच्याच धडावर नव्हतं.

वहिनी कधी कुलपापाशी आली नाही. तिची पाण्याची बाटली सकाळी भरलेली यायची आणि चारपर्यंत भरलेलीच असायची. आत्या चिडवायची, "वहिनी, बाटलीला हवा खायला आणतेस का गं रोज?"

"तहानच लागत नाही हो मला," वहिनी हसून म्हणायची.

मग वहिनीला ताप यायला लागला. जळजळ, कंबर धरणं, औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या, थोडे दिवस बरं, की पुन्हा तेच. असं वर्षानुवर्षं चाललं. "बायकांचं असतंच काहीतरी," म्हणत तिने ते अंगावर काढलं. शेवटी पायांना सूज चढली, तेव्हा आत्याने हाताला धरून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"सकाळी निघताना थोडं. मग एकदम चारनंतर."

"बाजारात बसणाऱ्या बायकांचं हेच होतं. जायला जागा नसते, म्हणून पाणीच पीत नाहीत. तुमच्याकडे सोय नाही का?"

"आहे की," वहिनी घाईघाईने म्हणाली. "अगदी शेजारीच आहे. बक्षीस मिळालेलं आहे. मलाच मेली तहान लागत नाही."

बोलताना तिने नणंदेकडे पाहिलं नाही. डॉक्टरीणबाई पुढे सांगत होत्या, की मूत्रपिंडं फार खराब झाली आहेत, आता मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागेल. आत्याच्या कानांवर ते पडत होतं, पण तिचा हात कमरेच्या किल्ल्यांवर होता.

बाहेर बाकावर बसल्यावर तिला राहवलं नाही. "वहिनी, एका शब्दाने सांगायचंस. मी उघडलं नसतं का?"

"मला एकटीला उघडलं असतंत, तर बाकीच्या तोंडाकडे बघत बसल्या असत्या. सगळ्यांना उघडलं असतंत, तर तुमची पाटी गेली असती." वहिनीने तिचा हात हातात घेतला. "रोज वाटायचं, चारपर्यंतचाच तर प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवसापासून आत्याने दुपारी कुलूप लावलं नाही. बायका आल्या, गेल्या, फरशीचा चिखल झाला. त्याच आठवड्यात साहेब आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि पाटी काढायला सांगून गेले. पाटीचे स्क्रू काढणाऱ्या माणसाला आत्याने स्वतः स्टूल आणून दिलं. नोकरी आता जाईल, मग जाईल, म्हणून ती वाट बघत राहिली. नोकरी गेली नाही. कोणी साधं विचारायलाही आलं नाही. इतकी वर्षं ज्याला ती भ्यायली, ते एवढंच होतं. हे लक्षात आलं त्या संध्याकाळी ती आतून कडी लावून पोटभर रडली.

वहिनीचा गाळा बंद झाला. मशीनवर जाणं सुरू झालं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं की पाणी मोजून द्यायचं. शरीरात साठलेलं बाहेर पडत नाही, जास्त झालं तर छातीत चढेल. दिवसभराचं पाणी एका लहान बाटलीत भरायचं, त्यापलीकडे थेंब नाही. ते भरायचं काम आत्याकडे आलं, कारण आईने मागितलं की भाचीचा हात सैल पडायचा.

आणि आता वहिनीला तहान लागायची. ओठ सुकायचे, जीभ टाळ्याला चिकटायची. आत्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ती उशीवरून बाटलीकडे बघत म्हणाली, "वन्सं, एकच घोट द्या."

आत्याने बाटली उजेडात धरली. तळाशी थोडंसं उरलं होतं आणि रात्र काढायची होती.

"आत्ता नको गं," ती कशीबशी म्हणाली. "चारला देते."

वहिनीने हट्ट केला नाही. सुकलेल्या ओठांनी ती थोडं हसली.

"बरं," ती म्हणाली. "चारपर्यंतचाच तर प्रश्न आहे."

आत्या बाटली मांडीवर घेऊन तिच्या उशाशी बसून राहिली. चार वाजेपर्यंत तिनेही पाण्याला तोंड लावलं नाही.