वकीलआजोबांच्या वहीतलं शेवटचं पान

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सायलीला माझं सगळं ठाऊक असतं — माझा पगार, माझं कोलेस्टेरॉल, कुठल्या मित्राचा फोन मी मुद्दाम उचलत नाही ते — पण हे नाही. सहा वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि उद्या ॲडम्सटाउनच्या स्टेशनवर समोर आलात तरी मान वळवून निघून जाल. ते बरं आहे.

कुठून सुरू करू? मोडीपासूनच करावं लागेल.

मला मोडी लिपी वाचता येते, असं डब्लिनमधल्या समस्त मराठी माणसांना वाटत होतं. त्यात माझाच हात होता. पुण्यात कॉलेजात असताना दहा दिवसांच्या मोडी वर्गाला मी नाव घातलं आणि चार दिवस गेलो. पाचव्या दिवशी मॅच होती. एवढंच माझं शिक्षण. पुढे इथे आल्यावर आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी जुन्या पेटीत सापडलेल्या कागदाचा फोटो टाकला — शेवयांसारखी अक्षरं, हात न उचलता लिहिलेली — आणि मी ठोकून दिलं, "खरेदीखत दिसतंय. जमिनीचं." झालं. अंगठ्यांचा आणि नमस्कारांचा पाऊस. कोण तपासणार होतं? तेव्हापासून गणपतीत माझी ओळख 'आपले मोडीपंडित' अशी करून द्यायला लागले. मी 'छे छे' म्हणायचो. तुम्हाला ते 'छे छे' माहीत असेल. त्याचा अर्थ 'अजून एकदा म्हणा' असा असतो.

ब्लँचर्डस्टाउनच्या एका ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. तिथे मला कुणी पंडित म्हणत नाही. घरी मुलगी मराठीत विचारलेल्याचं उत्तर इथल्या सुरातल्या इंग्रजीत देते. परक्या गावात माणसाला स्वतःची एक तरी खुर्ची लागते — ही सबब नाही, नुसतं सांगतोय.

तर ग्रुपमधल्या एका नर्सने मला फ्लोरामावशींकडे पाठवलं. त्या ऐंशी पार केलेल्या, ब्युमॉन्टला छोट्याशा घरात एकट्या राहायच्या. मूळच्या अलिबागजवळच्या नवगावच्या, बेने इस्रायली — म्हणजे कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, ते मराठी ज्यू. तरुणपणी मुंबईहून नर्स म्हणून इथे आल्या, लग्न केलं नाही, राहून गेल्या. डोळ्यांच्या मधोमध डाग पडत चालले होते. समोरच्या माणसाच्या कडा दिसायच्या, चेहरा नाही.

"ये रे बाबा, बस. त्या प्रेसमध्ये चकल्यांचा डबा आहे, तेवढा काढ. माझा हात नाय पोचत," हे त्यांचं पहिलं वाक्य. प्रेस म्हणजे इथल्या भाषेत कपाट. नवगावचं मराठी आणि डब्लिनचं इंग्रजी एकाच तोंडातून ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, डबा काढायचं विसरून मी ऐकतच राहिलो. पुणं सोडून मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. दर वर्षी आम्ही 'पुढच्या वर्षी परत जाऊ' म्हणत होतो.

चकल्या झाल्यावर त्यांनी वही काढली. त्यांच्या आजोबांची. एलोजी मास्तर, पण घरात सगळे त्यांना वकीलआजोबा म्हणत. कोर्टातले वकील नव्हेत. पेशव्यांच्या दरबारात परराज्यांचे असत, तसे वकील. शंभरएक वर्षांपूर्वी ज्यूंचा आपला देश व्हावा ही गोष्ट पत्रांतून मुंबईला पोचली, तेव्हा समाजाच्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी, हिब्रू आणि मराठी तिन्ही येणारा माणूस हवा होता. शाळामास्तर एलोजींना त्यांनी आपला वकील केलं. लाल पगडी, लांब कोट. त्यांनी मुंबईच्या साहेबांना अर्ज दिले, एकदा बोटीने लंडनला जाऊन आले, आणि उरलेलं आयुष्य कोकणातल्या गावोगावी फिरून, मलिद्याच्या पंगतीत उभं राहून, लोकांना त्या देशाबद्दल सांगितलं. नकाशावर नसलेल्या देशाचे वकील. देश झाला तो त्यांच्या मागे. मग त्या गावांतली घरं एकेक करून रिकामी झाली, ती त्यांच्याच शब्दावर. आजही तिकडच्या कित्येक मराठी घरांत त्यांचा फोटो आहे म्हणे.

आणि ते स्वतः? ते गेलेच नाहीत. संधी आली होती, सामान बांधलं होतं, आणि नवगावलाच राहिले, तिथेच मेले. का? घरात सांगत, आजी हलायला तयार नव्हती. सगळ्यांनी आयुष्यभर आजीलाच बोल लावला. फ्लोरामावशींच्या वडिलांना मोडी येत होती. शेवटचं पान वाचून ते वही मिटायचे आणि म्हणायचे, मोठी झालीस की सांगेन. सांगायच्या आधी गेले.

"आजीमुळे राहिले का रे ते? तेवढंच बघ. बाकी काय नको मला."

आता यामागे काय होतं ते सांगतो. मावशींची धाकटी बहीण सारा इस्रायलात, अश्दोदला होती, नवरा गेलेला, मुलं लांब. ती बोलावत होती: ये, दोन म्हाताऱ्या दोन खोल्यांत राहू, शुक्रवारी खोबरेल तेलाचा दिवा लावू, भांडू. मावशींनी कागदपत्रं भरून टेबलावर ठेवली होती. सही राहिली होती. तिकडची लढाई, इथल्या खिडक्यांतले दुसऱ्या बाजूचे झेंडे, शेजाऱ्यांना काय सांगू आणि काय नको — सगळं त्यांच्या मनात होतं, पण त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, आजोबा जे म्हणतील ते करीन. ते शहाणे होते.

हे मला ठाऊक होतं. सही राहिलेले कागद मी पाहिले होते. मग मी उठून म्हणू शकत होतो ना — मावशी, मला मोडी येत नाही, पुण्यात एका जाणकाराला फोटो पाठवू या, पंधरा दिवसांत कळेल? किती सोपं वाक्य आहे. आत्ता लिहिताना एक ओळसुद्धा भरली नाही.

मी पान उजेडात धरलं. मला 'श्री' कळलं, एक 'मी' कळला, आणि दोन-तीन ठिकाणी 'नवगाव' असावंसं वाटलं. मी घसा साफ केला — वाचू लागलो.

"सांप्रत मला ही वाळू सोडवत नाही," मी वाचलं. "सर्वांस पाठवीन, परंतु माझा जीव नवगावच्या माडांत अडकला आहे. ज्या मातीने आम्हांस ठाव दिला तिला शेवटी कोणी तरी सोबत राहिले पाहिजे. यात घरच्या मंडळींचा काही दोष नाही. येणेप्रमाणे." 'सांप्रत' मी तीनदा वापरलं. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात जुनी माणसं तसं बोलायची.

कुठून आलं ते सगळं? माझ्यातूनच आलं. मला पुण्याची जी हुरहुर लागली होती, घरच्या गच्चीवर वाळणाऱ्या कुरडयांची, आईच्या दुपारच्या रेडिओची, ती मी शंभर वर्षांपूर्वीच्या एका वकिलाच्या तोंडात घातली. आणि सगळ्यांत वाईट काय सांगू? वाचताना मला रडू आलं. खरं रडू. स्वतःच्याच थापेवर.

मावशी म्हणाल्या, "आजी सुटली बिचारी." पुढच्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावून मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळांचे काप. नवस फिटला की एलियाहू पैगंबराच्या नावाने करतात तो. आजोबांचं मन कळलं म्हणून, आणि मी ते वाचून दिलं म्हणून. पहिला घास त्यांनी मला दिला, माझ्या तोंडाच्या जागेचा अंदाज घेत. मी दोनदा मागून घेतला. चांगला झाला होता.

त्याच दुपारी त्यांनी माझ्यासमोर साराला फोन लावला आणि सांगितलं, मी येत नाही. आमच्यात एकाने तरी राहायचं असतं, आजोबांनी लिहून ठेवलंय. पलीकडून सारा काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होती. कागद मावशींनी फाडले नाहीत, नुसते चकल्यांच्या डब्याखाली ठेवले.

सव्वा वर्षाने सारा गेली. दोघी बहिणींची अकरा वर्षांत भेट नव्हती.

मी भेटायला गेलो तेव्हा मावशी रडत नव्हत्या. आजोबांनीच ठरवलं होतं, म्हणाल्या, आपण कोण? आणि माझा हात थोपटला. तुमचं कधी असं झालंय का, की ज्याचं घर आपण जाळलं त्यानेच आपल्याला पाणी द्यावं?

त्यानंतर मी मोडी शिकलो. फोनमध्ये मी त्या पानाचे फोटो काढून ठेवले होते — दाखवायला, पंडित दिसायला. पुण्यातल्या एका बाई रविवारी सकाळी ऑनलाइन वर्ग घेतात, तिथे नाव घातलं. या वेळी एकही दिवस चुकवला नाही. सायलीला वाटलं, छंद आहे. सात महिन्यांनी, एका शनिवारी स्वयंपाकघराच्या टेबलावर, ते पान हळूहळू मला दिसायला लागलं. एकेक ओळ. सायली शेजारी भेंडी चिरत होती. काय लिहिलंय रे त्यात, असं तिने विचारलंसुद्धा नाही.

त्यांनी लिहिलं होतं: "मुंबईत मला खुर्ची देतात. लंडनास बाकावर बसविले. तिकडे गेलो तर उभेच राहावे लागेल, व मला कोणी वकील म्हणणार नाही. याची मला भीती वाटली. लोकांस सांगितले की बायको ऐकत नाही. ती बिचारी तयार होती. त्या भूमीत आधीपासून कोण राहते, हेही मी कधी विचारले नाही; विचारले असते तर माझे भाषण अडखळले असते. मी भ्यालो व खोटे बोललो. माझ्याकडे पाहून कोणी मागे राहू नये."

शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं असेल? भिंग घेऊन वाचलं. काना-मात्रा तपासली. मला वाटत होतं, मी चुकत असेन. नव्हतो चुकत. पहिल्यांदाच मी मोडी बरोबर वाचली होती.

तेव्हा तरी जाऊन सांगायचं होतं. नाही सांगितलं. आता सांगून काय उपयोग, त्यांना उगाच दुःख — असं मी स्वतःला समजावलं, आणि ते ऐकायला फार बरं वाटलं. पण खरं ते नाही. ब्युमॉन्टच्या त्या खोलीत मला एक खुर्ची आहे. ती मला सोडवत नाही.

मावशी आता नर्सिंग होममध्ये असतात. डोळे पूर्ण गेले. मी दर शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर जातो. बॅटरीवरचा दिवा लावून देतो, खोबरेल तेलाची तिथे परवानगी नाही. मग त्या उशीखालून वही काढतात आणि म्हणतात, "वाच रे ते पान."

परवाच्या शुक्रवारीही म्हणाल्या. आता मला अक्षरं सोडवावी लागत नाहीत, पान उघडलं की ती आपोआप बोलतात. मी शेवटच्या ओळीखाली बोट धरलं. माझ्याकडे पाहून कोणी मागे राहू नये. बोट तिथेच ठेवून मी वाचलं, "सांप्रत मला ही वाळू सोडवत नाही." मावशींनी डोळे मिटले. ओठ माझ्याबरोबर हलत होते. त्यांना पाठ आहे ते.

"ग्रँड," त्या म्हणाल्या, इथली माणसं 'छान' या अर्थाने म्हणतात तसं. मी वही मिटून उशीखाली सरकवली, आणि पुढच्या शुक्रवारी थोडा लवकर येतो म्हणून सांगितलं.