वीणाताईंचा चंद्रोदयाचा तक्ता

टोकियोच्या एदोगावा भागातल्या मराठी घरांत पाचेक वर्षं एक साधा छापील कागद फ्रिजवर दिसायचा. वर्षाच्या सगळ्या संकष्ट्यांच्या तारखा आणि प्रत्येकीसमोर टोकियोच्या चंद्रोदयाची वेळ, मिनिटासकट. कागद वीणाताईंचा. त्या स्वतः संकष्टी करत नसत. पुण्यात नऊ वर्षं त्यांनी शाळेत शास्त्र शिकवलं होतं. नवऱ्याची, देवदत्तरावांची, बदली जपानला झाली आणि नोकरी सुटली. पडताळून बघायची सवय मात्र सुटली नाही.

तक्त्याला निमित्त झाली सुप्रभा. वीणाताईंच्याच इमारतीत दोन मजले खाली राहणारी, वयाने बारा वर्षांनी लहान. नवीनच आली होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी वीणाताई विरजण मागायला खाली गेल्या, तर ही भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक. संकष्टी होती. मुंबईच्या कॅलेंडरात चंद्रोदय साडेआठचा, जपानचं घड्याळ साडेतीन तास पुढे, म्हणून बेरीज करून हिने रात्री बाराची वेळ काढली होती. खिडकीत चंद्र चांगला दोन हात वर आलेला.

"अगं, तो बघ की समोर," वीणाताई म्हणाल्या.

"दिसतोय हो ताई. पण उगवला कुठे अजून?"

वीणाताईंना हसू आवरेना. मग सुप्रभाही हसली, आणि हसता हसता रडली, कारण भूक फार लागली होती. वीणाताईंनी तिला तिथेच वरणभात वाढला.

दुसऱ्या दिवसापासून त्या वही घेऊन बसल्या. टोकियोचे अक्षांश-रेखांश घेतले, आकडेमोड केली, जपानी वेधशाळेच्या वेळांशी ताडून पाहिली. तरी समाधान होईना, म्हणून पुढच्या संकष्टीला सुप्रभाला घेऊन अराकावा नदीच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. पूर्वेला इमारतींची रांग असल्यामुळे चंद्र दिसायला चार मिनिटं उशीर झाला, तर त्याबद्दलही वीणाताईंनी हळहळ केली. सुप्रभा मात्र तिथेच हात जोडून म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलंत आणि तो आला." तिनेच मग तो तक्ता घरोघरी पोचवला. नातं असं जडलं की सुप्रभाची मुलगी अबोली शाळेतून आधी वीणाताईंकडे यायची आणि मग आपल्या घरी जायची.

सुप्रभाचा नवरा अंबरीष इथल्या मराठी मंडळाचा सचिव झाला त्या वर्षीच्या श्रावणात मंडळाने भारतातल्या एका गुरुजींचं ऑनलाइन प्रवचन ठेवलं. शेवटी शंका विचारताना कुणीतरी भाबडेपणाने तक्ता दाखवला. गुरुजी शांतपणे म्हणाले की व्रत ज्या भूमीचं, आकाशही त्याच भूमीचं धरायचं. तिथे चंद्र उगवल्याशिवाय इथे उपास सोडला तर तो मोडलाच म्हणायचा. म्हणजे पाच वर्षांच्या संकष्ट्या वाया गेल्या. कुणाच्या नवऱ्याचं कंत्राट तुटलं होतं, कुणाच्या मुलाचा प्रवेश हुकला होता. त्या सगळ्याचं कारण बायकांना एकदम सापडलं.

वॉर्डाच्या सभागृहात बैठक झाली. वीणाताई वही घेऊन गेल्या होत्या, पण ती उघडायची वेळच आली नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की पुढच्या संकष्टीला सगळ्यांनी बांधावर यावं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. कुणी हो म्हणेना. मागून एक आवाज आला, "तुमचा हिशोब बरोबर असेलही, पण तुम्ही उपास कुठे करता?" त्यावर बरेच जण हसले.

वीणाताईंनी सुप्रभाकडे पाहिलं. तिने एक वाक्य बोलायचं होतं, की मी तिथे उभी होते आणि मी पाहिलंय. सुप्रभा चहाचे कागदी पेले एकात एक बसवत होती. अंबरीषने तिला नावाने हाक मारून विचारलं तेव्हा ती पेल्यांकडेच बघत म्हणाली, "आम्हाला त्यातलं काय कळतंय? ताईंनी दिलं, आम्ही लावलं."

माणूस चारचौघांत घाबरतं, हे वीणाताईंना वर्गावरून माहीत होतं. त्यांनी तेही समजून घेतलं. वाटेत देवदत्तराव चिडले, तर त्यांनाच म्हणाल्या, "तिला त्याच घरात राहायचंय."

पंधरा दिवसांनी गणेशोत्सवाची पुस्तिका आली. तिसऱ्या पानावर चौकटीत मजकूर होता. 'माझ्या अज्ञानामुळे चुकीचा तक्ता दिला गेला. भाविकांच्या व्रतात खंड पडला याचं मला मनापासून दुःख आहे. यापुढे असं होणार नाही.' खाली नाव, वीणा. पुस्तिकेची जुळणी दरवर्षी सुप्रभा करायची. वीणाताई दोन मजले उतरून गेल्या.

"हे तू लिहिलंस?"

सुप्रभाने नाकारलं नाही. ती दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. "ह्यांच्यावर फार दबाव होता, ताई. आणि तुम्ही तयार झाला नसता, म्हणून विचारलं नाही."

वीणाताई जिना चढून वर आल्या.

दर रविवारी वीणाताई मंडळातल्या मुलांना मराठीतून विज्ञान शिकवत. त्या रविवारी गॅलिलिओ होता. महिन्याआधीच ठरलेला धडा, म्हणून त्यांनी तो टाळला नाही. दुर्बिणीतून गुरूभोवती दिसलेले चार चंद्र त्यांनी फळ्यावर ठिपक्यांनी काढले. पृथ्वी फिरते हे म्हणणं धर्मसत्तेने कसं गुन्हा ठरवलं, सत्तरीच्या घरातल्या म्हाताऱ्याला गुडघ्यांवर बसवून आपलं चुकलं असं कसं वाचायला लावलं, तेही सांगितलं. सांगताना त्यांच्या मनात आलं, त्याला निदान स्वतः वाचायला तरी लावलं होतं.

अबोलीने हात वर केला. तिची हनुवटी थेट आईची. "मग त्याचे फ्रेंड्स काय करत होते, मावशी?"

"काही जणांनी त्याला धीर दिला," वीणाताई म्हणाल्या. "काही गप्प बसले."

"बट दे न्यू?"

"काहींना माहीत होतं."

अबोलीने ते वहीत लिहून घेतलं. वीणाताईंनी फळा पुसला आणि पुढचं चित्र काढायला घेतलं.

पुढच्या संकष्टीला, संध्याकाळी सहाला, फोनवर सुप्रभाचा निरोप आला. त्या दारातल्या भेटीनंतरचा पहिलाच. 'ताई, आजची खरी वेळ किती? कुणाला सांगणार नाही.'

वीणाताईंना वेळ पाठ होती. सहा अठ्ठावन्न. त्यांनी आकडे टाइप केले, आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. ती उपाशी आहे हे त्यांना माहीत होतं. बारापर्यंत तिला सोसणार नाही, हेही. मग त्यांनी आकडे पुसले आणि लिहिलं, 'मंडळाच्या ग्रुपवर विचार. तिथे लगेच सांगते.'

दोन निळ्या खुणा तत्काळ उमटल्या. वीणाताई ग्रुप उघडून बसल्या. देवदत्तरावांनी जेवायला चल म्हणून दोनदा हाक मारली, पण त्या हलल्या नाहीत. सहा अठ्ठावन्न झाले. सात वाजून गेले. सव्वासातला ग्रुपवर कुणीतरी विचारलं, उद्या प्लास्टिकचा कचरा न्यायला येतात की कागदाचा?

सुप्रभाने लागलीच उत्तर दिलं, 'प्लास्टिक. सकाळी आठच्या आत.'