क्राकोवला न गेलेले काका

सिंगापुरातल्या मराठी मंडळींत पोलंडमधल्या क्राकोव शहराची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस एकच, आणि त्याने क्राकोवच्या जमिनीला अजून पाय लावलेला नाही. टॅम्पिनीसला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे काका. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत लोकांच्या चुका काढण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर चुका काढायला घरात काकूंखेरीज कोणी उरलं नाही, आणि काकू चुका करत नाहीत. तेव्हा त्यांनी क्राकोव हातात घेतलं. क्राकोवच का, हे सगळ्या ब्लॉकला ठाऊक आहे. त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, मानसीने, तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. काकू एकट्या जाऊन अक्षता टाकून आल्या. ‘त्या गावात मी पाऊल ठेवणार नाही,’ असं काकांनी तेव्हा जाहीर केलं, आणि त्या दिवसापासून त्या गावाबद्दल बोलायचं काही ते थांबलेले नाहीत.

दर रविवारी काकू लेकीला फोन करायच्या. काका तिच्याशी बोलायचे नाहीत. फक्त ‘हिची मान दुखते’ म्हणून त्यांनी स्पीकरवाला फोन आणला आणि फोन चालू असेपर्यंत त्याच खोलीत ते इस्त्री करत उभे राहायचे. तासाभरात एकच शर्ट व्हायचा. मध्येच कुणालाच उद्देशून नसल्यासारखं पुटपुटायचे, ‘ट्रॅमचं तिकीट कुठे मिळतं म्हणावं.’ काकू विचारायच्या, मानसी सांगायची, आणि सोमवारी सकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे आमच्या खाऊगल्लीत, काका ते ज्ञान कॉफीबरोबर फुकट वाटायचे.

ऐकणारा क्राकोवला जाणार असला पाहिजे अशी त्यांची मुळीच अट नव्हती. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांना दोन मिनिटं आभार मानायला उभं केलं, तर त्यांनी पोलंडमधल्या स्वच्छतागृहांवर त्रिकोण म्हणजे पुरुष आणि वर्तुळ म्हणजे बायका, हे हातवारे करून समजावलं. आभार राहूनच गेले. ‘शाकाहारी माणसाने बटाटा-चीजच्या करंज्या मागवाव्यात,’ ते सांगायचे, ‘पण वर काही घालू नका म्हणून बजावायचं. नाहीतर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे टाकतात. त्यांच्या लेखी ते मांस नाही, फोडणी आहे!’ एकदा एका नवविवाहित जोडप्याला त्यांनी घरी बोलावलं, जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक मांडून ट्रॅम केली, आणि चढल्या चढल्या तिकिटावर शिक्का मारायची सवय व्हावी म्हणून कागदाला भोकं पाडायचं यंत्र पुढ्यात ठेवलं. नवी नवरी शिक्का न मारता बसली, तर तिला उतरवून पुन्हा चढायला लावलं. ते जोडपं पॅरिसला चाललं होतं.

माझ्या मुलीला हा अन्याय सहन झाला नाही. “अंकल, यू नेव्हर गो बिफोर, हाऊ यू नो लाह?” तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत तोंडावर विचारलं. “तुमच्या बाई चंद्रावर जाऊन आल्यात का?” काका म्हणाले. “तरी शिकवतात ना?”

आणि मग खरोखरच मला क्राकोवला जायची वेळ आली. आमचंच काम स्वस्तात करणारी माणसं आमच्या बँकेला तिथे सापडली होती, आणि ते काम त्यांना शिकवायला पाठवायला मीच सापडलो होतो. माझी नोकरी जाणार की राहणार, या चिंतेत मी होतो. काकांना मात्र मी ट्रॅमचं तिकीट शिक्क्याच्या यंत्रात उलटं तर घालणार नाही ना, याची काळजी. निघायच्या आदल्या दिवशी येऊन त्यांनी सगळी उजळणी घेतली. जाता जाता दारात थांबून म्हणाले, “आणि कुणाच्या घरी जायचं झालंच, तर फुलं विषम न्यायची. सम फुलं ते मयताला नेतात.”

“कुणाच्या घरी, काका?”

“सहज सांगून ठेवतोय.”

मग काकूंनी दिलाय म्हणून एक डबा माझ्या हातात ठेवला. आत भाजणीच्या चकल्या होत्या. त्या काकूंनीच केल्या असतील, पण डब्याला चहूबाजूंनी गुंडाळलेली चिकटपट्टी काकूंची नव्हती.

क्राकोवमध्ये काकांचा एक शब्द खोटा ठरला नाही. शेवटच्या संध्याकाळी विषम फुलं घेऊन मी मानसीकडे गेलो. तिथेही आपल्यासारखे दाराशीच बूट काढतात, आणि पाहुण्याला घरात घालायला सपाता देतात. मी रांगेतली एक निळी जोडी उचलली, तर जावई धावत आला. “सॉरी, नॉट धिस. धिस इज बाबा’ज,” तो म्हणाला आणि मला दुसरी जोडी दिली. त्या निळ्या सपाता एकमेकींना बांधणारा दुकानातला दोरा अजून तसाच होता. “लग्नाच्या आधीच आणून ठेवल्यात त्याने,” मानसी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही. मला त्या दोऱ्याकडे बघवेना.

परतलो तेव्हा काका खाली लिफ्टपाशीच उभे होते. तिकीट, करंज्या, त्रिकोण, सगळ्याची तपासणी झाली. मग मी त्यांना सपातांचं सांगितलं. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं. काका जागचे हलले नाहीत.

“माप?” त्यांनी विचारलं.

“तुमचंच.”

ते खाली आपल्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “त्याचं नाव नीट कसं म्हणतात रे?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत जावयाचं नाव मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. “ग्झेगोश,” मी सांगितलं. पहिल्याच अक्षराला ते अडखळले. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा अडखळले. आम्ही दोघं प्रौढ माणसं लिफ्टसमोर उभं राहून ते नाव घोकत होतो. येणारेजाणारे बघत होते, आणि मला त्यांचा जराही राग येत नव्हता.

“आणखी एकदा म्हण,” काका म्हणाले. “तिथे गेल्यावर चुकायला नको.”