मी मीटिंगमध्ये ‘घर’ म्हणालो

दौंडच्या आमच्या सोसायटीचा विमा काढायचं ठरलं, तेव्हा पॉलिसी वाचून सगळ्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं. कुरकुंभच्या कंपनीत माझी सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली, चार इंग्रजी कागद हाताखालून गेले, म्हणून सोसायटीत मी शहाणा! अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. कागदावर ‘बिल्डिंग’ होतं. मी मीटिंगमध्ये ‘घर’ म्हणालो. "आग लागू द्या न्हाईतर पाणी शिरू द्या, आपल्या घराचा विमा हाय. सगळं आलं त्यात." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पुढं उन्हाळ्यात पाण्याची बोंब झाली. गच्चीवरची टाकी कधी भरेल याचा नेम नाही. अशा वेळी आमच्याकडं नळ कुणी बंद करत नाही. कोरडाच सोडून ठेवायचा, पाणी आलं की आवाजानं कळतं. तसाच सोडून आम्ही नवराबायको शिरूरला भाचीच्या साखरपुड्याला गेलो. मोरीच्या जाळीवर फडकं पडलेलं. मग काय! पाणी आलं ते घरभर होऊन खालच्या फ्लॅटमध्ये उतरलं.

खाली राहते ती बाई ब्लाउज शिवते. त्यावरच तिचं घर चालतं. ऐन लग्नसराईत, ती बाहेर गेलेली असताना, मशीनच्या मोटरमध्ये पाणी गेलं आणि एका नवरीच्या ब्लाउजांचे रंग एकमेकांत उतरले.

मी परत आलो, उघडा नळ बघितला, गपचूप बंद केला. विचारेल त्याला सांगितलं, "पाइप निसटला." लिहितानाही लाज वाटते.

विमा कंपनीचा माणूस आला. त्यानं छताचे, भिंतींचे फोटो काढले. खालची बाई आपली मशीन पुढं ओढायला लागली, तर म्हणाला, "ताई, हा इमारतीचा विमा आहे. आतल्या सामानाचा ज्यानंत्यानं वेगळा काढायचा असतो." तिनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

भिंतींना नवा रंग मिळाला. नवरीची आई मात्र जिन्यात उभी राहून त्या बाईला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलली. मी भाजीची पिशवी घेऊन त्या दोघींच्या शेजारून वर गेलो. त्यानंतर तिच्याकडं गिऱ्हाईक फिरकेना. मला घास गोड लागेना.

शेवटी खाली गेलो. दारातूनच म्हणालो, "पोरी, पाइपबिइप काय निसटला न्हवता. नळ माझाच चालू ऱ्हायला. मशीन मी भरून देतो."

"द्या की," ती म्हणाली. "नळाचं मला ठाव हाय, आप्पा. भायेरनं आल्यावर गच्चीवरचा व्हॉल्व्ह मीच बंद केला. तुमच्या दाराबाहेर धो धो ऐकू येत व्हतं. ऱ्हातं माणसाकडून."

मला हायसं वाटलं. खरंच, या मेल्या जिवाला हायसं वाटलं!

"पण मीटिंगात मी तुमाला इचारलं व्हतं," ती पुढं म्हणाली. "माझी मशीनबी आली का त्यात, म्हणून. न्हाईतर मी माझा येगळा काढणार व्हते. तुम्ही व्हय म्हणला. माझ्याकडं बघितलंबी न्हाई."

मी तिथंच उभा राहून आठवायला लागलो. अजून आठवतोय. तिनं विचारलेलं मला काही केल्या आठवत नाही.