इराची शुगर आणि आमची बिल्डिंग

घरात मोठ्या माणसाला काही झालं तर लोक भेटायला येतात, सफरचंदं ठेवतात आणि जातात. पण लहान मुलाला काही झालं, आणि ते नक्की काय हे डॉक्टरलाही सांगता येत नसलं, तर लोक जात नाहीत. ते सल्ला देतात आणि त्याचा निकाल बघायला पुन्हा येतात. असे किस्से साचत जातात. आमच्याकडे इतके साचले की कुणी नवीन पाहुणा आला की महेश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "तो मुंग्यांचा सांग."

सांगते. पण सुरुवात पाण्यापासून झाली.

दुष्काळाचं वर्ष होतं. शहराच्या कडेला, मुकुंदवाडीच्या पुढची शेतं संपून बिल्डिंगा उभ्या राहत होत्या. समोरच्या होर्डिंगवर स्विमिंग पूल होता आणि आमच्या टाकीत टँकरचं पाणी. टँकरच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी काका उभे राहिले. हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे पाणी म्हटलं की शेवटचा शब्द त्यांचा. आमच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, यांची इरा खाली खेळताना सारखी आमच्याकडे पाणी मागते, चार वर्षांचं लेकरू, आख्खा तांब्या संपवते. "दाखवून घ्या तिला कुणाला तरी," असंही म्हणाले. मला भरून आलं. शेजारी असावा तर असा!

मग त्यांनी वाक्य पूर्ण केलं. "टाकी सगळ्यांची एकच आहे ना."

* * *

दाखवलं. एकदा शुगर जास्त आली, पुढच्या वेळी नॉर्मल, मग पुन्हा थोडी वर. डॉक्टर म्हणाले की कदाचित ही डायबेटीसची सुरुवात असेल, कदाचित काहीच नसेल, काही महिने बघत राहायला लागेल. आयुष्यभर इन्सुलिन की काहीच नाही, या दोन टोकांच्या मध्ये आम्हाला बसवून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

महेश शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, तयार माल तपासतो. पार्ट पास तरी असतो किंवा फेल तरी. तो जागचा हलेना. डॉक्टरांना म्हणाला, सर, काहीतरी एक सांगा. डॉक्टर वैतागले.

"तुमच्याकडे असा पीस आला, कधी मापात, कधी नाही, तर तुम्ही काय करता?"

"रिजेक्ट," महेश म्हणाला.

इरा त्याच्या मांडीवर बसून त्याच्या घड्याळाशी खेळत होती. त्यानं ते काढून तिच्या हातात दिलं आणि तिला कडेवर घेऊन बाहेर पडला. मला त्याचा राग आला होता आणि त्याची दयाही येत होती.

* * *

सासूबाई करमाड गावच्या. नातीला शुगर हे त्यांना पटेचना. "शुगर जाड्या माणसाला व्हती. हे लेकरू तर लई वाळलंय," हा त्यांचा मुद्दा. तरीही हयगय नको म्हणून त्यांनी रोज सकाळी कारल्याचा रस सुरू केला. इराही गुपचूप प्यायची. मला आश्चर्य वाटायचं, कारण ही मुलगी साधं वरण प्यायला तासभर लावते.

आठवड्यानं घरी आणलेल्या शुगरच्या मीटरवर आकडा उड्या मारायला लागला. महेशनं मला विचारलं, तू काय देतेस तिला? मी त्याला विचारलं, तू काय देतोस? दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. शेवटी सासूबाईंनाच विचारलं.

"रस कडू लागतो ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "वर गुळाचा खडा देते मी."

* * *

आता मुंग्या. काकांचं म्हणणं, लॅबवाले लुटतात, जुन्या लोकांची तपासणी बिनचूक. लघवीला मुंग्या लागल्या की शुगर आहे, नाही लागल्या तर नाही. त्यांनी पार्किंगच्या मागचा कोपरा निवडला. इराला तिथं लघवीला बसवलं आणि तुलनेसाठी थोड्या अंतरावर आपल्या नातवालाही. मी जाऊ दिलं, कारण नक्की काहीतरी सांगणारं माणूस तेव्हा मला हवंच होतं.

मुंग्या आल्या. इराकडं आल्या, नातवाकडं त्याहून जास्त आल्या. त्या उन्हाळ्यात जमिनीला ओल म्हणून नव्हती. टँकरच्या गळक्या पाइपलाही मुंग्या होत्या, कुणाच्या तरी वॉशिंग मशीनच्या पाण्यालाही होत्या. काकांनी हे सगळं वाकून वाकून बघितलं आणि घरात गेले.

संध्याकाळी आम्ही इराच्या टेस्टसाठी लॅबमध्ये गेलो. काका नातवाला घेऊन आधीच बसले होते.

* * *

आणि वाढदिवस. इरा पाच वर्षांची झाली तेव्हाही डॉक्टरांचं 'बघू'च चालू होतं. गोड बेतानं द्या, एवढंच ते म्हणाले होते. घरात येईपर्यंत महेशनं त्याचं 'गोड बंद' केलं. केक मात्र आणला, कापायला पाहिजे म्हणून. वर त्यानं सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, पोरगी खात नाही तर कुणीच खायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी तर छोटंसं भाषणही केलं. केक कापला, टाळ्या वाजल्या, आणि केक तसाच उचलून स्वयंपाकघरात नेला. हॉलमध्ये चिवडा फिरला.

थोड्या वेळानं हॉल रिकामा दिसायला लागला. मी पाण्याचा जग भरायला आत निघाले, तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. दाराशी नव्या फ्रॉकमध्ये इरा उभी. फटीतून मला काकांची पाठ दिसली, सासूबाईंचा पदर दिसला, आणि हातात केकची बशी घेतलेला महेश.

मी दाराला हात घातला. इरानं माझा हात धरला.

"आई, आत्ता नको जाऊस," ती हळूच म्हणाली. "तू रागावशील. त्यांचं होऊ दे ना."