चौथं हसू

"गेला म्हणून काही चांगला झाला नाही तो. नुसता गेला."

हे माझ्या मागून ऐकू आलं तेव्हा मी दोन्ही हात आभाळाकडे करून, जबडा सैल सोडून उभी होते. आमच्या हास्य क्लबात सुरुवातीला असं उभं राहावं लागतं. बोलल्या त्या मुख्याध्यापिकाबाई. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत आणि मी त्यांच्या शाळेतही नव्हते, तरी त्यांचा आवाज आला की माझा जबडा आपोआप मिटतो.

गेला होता तो एक विनोदी नट. आयुष्यभर त्याने लोकांना हसवलं आणि शेवटच्या काळात त्यांचे दोन गट पाडले. त्याच्या कार्यक्रमात काम करणाऱ्या एका मुलीने त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती. त्याने आधी माफी मागितली, मग ती परत घेतली, आणि मग स्टेजवर त्या मुलीवरच विनोद केले. ती पुन्हा कामावर आली नाही. केस चालू असतानाच तो हृदयविकाराने गेला.

त्या सकाळी जॉगिंग ट्रॅकवर लोक नेहमीपेक्षा हळू चालत होते, कारण भरभर चालताना भांडता येत नाही. कोणी म्हणत होतं, कलाकार मोठा होता हो. कोणी म्हणत होतं, कोर्टातून बरा सुटला. एका आजोबांनी दोन्ही वाक्यं एका दमात म्हटली आणि ते पुढे गेले.

माझं मत पक्कं होतं. मी त्या मुलीच्या बाजूची. तसं मी ठणकावून सांगितलंही होतं, अर्थात इंग्रजीत, मोबाइलवर, चेहरा न दाखवता. कलाकार आणि त्याची कला वेगळी काढता येत नाही, असा माझा एक लांबलचक मजकूर तेव्हा बऱ्यापैकी फिरला होता. प्रत्यक्षात मी रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणायला लाजते, दोन गल्ल्या पुढे उतरते आणि मागे चालत येते. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि नातेवाइकांत इंग्रजी बोललं की चेष्टा, त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले. त्यात मात्र माझं प्रभुत्व आहे.

अशा मुलीचं हास्य क्लबात काय काम? मी तिथे बाबांना घेऊन जात होते. त्यांची बायपास झाली होती. फिरा, हसा, पण सध्या एकटे जाऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईची नोकरी सकाळची. उरले मी, घरून काम करणारी. क्लबाचं सरासरी वय मी एकटीने खाली आणलं. हसत मात्र नव्हते. तोंड उघडायचं, खांदे हलवायचे, आवाज काढायचा नाही. एवढ्या लोकांच्या गडगडाटात एकीचं न हसणं सहज खपून जातं.

बाबांची अडचण वेगळी होती. ऑपरेशननंतर खोकताना छातीशी उशी धरायला सांगतात. पुढे उशी सुटली, पण तिच्या जागी हात आला. बोलताना, शिंकताना, विनोद ऐकताना त्यांचा उजवा तळवा छातीवर जायचा, जसं काही आतलं निसटून पडेल. जखम केव्हाच भरली होती. आता धरायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाबा "हो" म्हणाले, आणि म्हणताना हात छातीवर ठेवला.

तो हात फक्त चौथ्या हसण्याला सुटायचा.

क्लबात हसण्याचे प्रकार ठरलेले असतात. पहिलं नमस्कार हास्य, दुसरं ताक हास्य, तिसरं जीभ बाहेर काढून सिंह हास्य. आमचं चौथं मात्र दुसऱ्या कुठल्या क्लबात नव्हतं, कारण ते त्या नटाने स्वतः शिकवलं होतं. तक्रार व्हायच्या आधी तो क्लबाच्या वर्धापनदिनाला पाहुणा म्हणून आला होता. मी तेव्हा क्लबात नव्हते, पण अध्यक्षकाकांनी ती हकिगत इतक्यांदा सांगितली आहे की ती जिलेबी मीच खाल्ली असं वाटतं. तो म्हणाला होता, समजा तुम्ही लग्नाला गेलात, आहेर दिलात, जिलेबी दोनदा मागून घेतलीत आणि हात धुताना कळलं की हे लग्न भलत्याचंच आहे. आता ओरडता येत नाही की पळता येत नाही. तोंड मिटून हसू दाबायचं. शेजाऱ्याकडे बघायचं. बघता तर तोही तुमच्यासारखाच चुकून आलेला. मग फुटायचं.

लाजाळू माणसाच्या मापाचं याहून चांगलं हसू नसेल. त्याचा निम्मा भाग न हसण्याचाच आहे. बाबा ओठ मिटायचे, माझ्याकडे बघायचे, नाकातून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि मग ते दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून हसायचे. दोन्ही हात. तेवढ्यात माझ्याही तोंडून काहीतरी निघायचं. कला आणि कलाकार वेगळे काढता येत नाहीत असं लिहिणारी बाई रोज सकाळी स्वेटर घालून ते वेगळे काढत होती.

तक्रार झाल्यावर क्लबाने त्या हसण्याला नटावरून पडलेलं नाव काढलं आणि त्याला नुसतं "चौथं" म्हणायला सुरुवात केली. बाईंना ते पुरेसं नव्हतं. चौथं आलं की त्या हातांची घडी घालून समोरच्या कडुनिंबाकडे बघत उभ्या राहायच्या आणि पाचव्याला परत सामील व्हायच्या. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटायचा. तो मी त्यांच्या शेजारी उभी राहून, हसून व्यक्त करायचे.

त्या सकाळी अध्यक्षकाकांनी दोन मिनिटं शांत उभं राहायची सूचना केली आणि बाईंनी ते वाक्य टाकलं. अध्यक्षकाका मूळचे कांद्याचे व्यापारी. आयुष्य लासलगावच्या लिलावात गेलं आणि आता नाशकात मुलाकडे राहतात. मैदानाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाची कुत्री उठतात.

"बाई, मेल्या माणसाला असं बोलू नाय," ते म्हणाले. "त्यानं आपल्याला हसवलं का नाय? मंग?"

"तुम्हाला हसवलं. त्या पोरीला कोण हसवणार?"

लिलावात कधी माघार न घेतलेल्या माणसाने इथे बोली सोडली. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. वाद नको, म्हणाले. उभं राहायचं नाही आणि आजपासून चौथंही नाही. नाव गेलंच होतं, आता हसूही जाऊ द्या. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. "मी बंद करा म्हटलं नव्हतं," असं बाई पुटपुटल्या, पण ते मला एकटीला ऐकू आलं, आणि मला एखादी गोष्ट ऐकू आली म्हणजे ती पुढे जात नाही.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. माझा मजकूर पहिल्यांदाच कुठेतरी अमलात आला होता. आम्ही तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर, म्हणजे मोबाइल हास्यावर गेलो. सगळे कानाला हात लावून हसू लागले. बाबा एका हाताने हसले. दुसरा छातीवर होता.

पुढचे काही दिवस तसंच चाललं. मग एका सकाळी बाबा म्हणाले, आज थंडी आहे, राहू दे. थंडी होतीच, पण ते कानटोपीसकट सगळं घालून तयार होते. मी विचारलं, क्लब आवडेनासा झाला का? तसं काही नाही, म्हणाले. ते चौथं जरा बरं होतं, एवढंच. मग घाईघाईने, माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "पण तुझंही बरोबर आहे. तू लिहिलं होतंस ना."

मी इंग्रजीत लिहिते ते घरात कोणी वाचत नाही, असा माझा समज होता. इंग्रजीत लिहायचं निम्मं कारण तेच होतं. आयुष्यभर ऑफिसात इंग्रजी फायली वाचलेल्या माणसाने मुलीचा मजकूर शोधून वाचला होता, त्याला तो पटला होता, आणि म्हणून आपलं हसू मागायची त्याला चोरी झाली होती. मला काहीतरी म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मफलर घ्या."

त्या दिवशी मी क्लबात करायचं भाषण तयार केलं. त्या मुलीची तक्रार खरी आहे असं मी मानते, तो मेल्याने ती मिटत नाही, मला त्याला श्रद्धांजली वाहायची नाही, तथापि. "तथापि" हा शब्द मी आयुष्यात कधी तोंडाने उच्चारलेला नव्हता. बाथरूमच्या आरशासमोर तो तीनदा म्हणून बघितला. आरशातल्या बाईला कोणी मत दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना आग्रह करून घेऊन गेले. नमस्कार झाला, ताक झालं, सिंह हास्य झालं, सगळ्यांनी जिभा आत घेतल्या. तेवढ्यात माझ्या शेजारी बाईंचे हात सवयीने घडीत गेले. चौथं बंद आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी ते सोडले आणि त्यांना कुठे ठेवावं ते बाईंना कळेना. पलीकडे बाबांचा तळवा स्वेटरवर होता. इतके दिवस बाबा हसत होते, बाई निंबाकडे बघत होत्या, आणि एकाच ओळीत दोघांचंही नीट चाललं होतं. तो नट मेल्यावर मात्र सगळ्यांना एकदम निकाल हवा झाला होता.

अध्यक्षकाकांनी पाचव्यासाठी श्वास घेतला. मी माझं भाषण शोधलं. "तथापि" सोडून त्यातलं काहीही जागेवर नव्हतं.

"काका," मी म्हणाले, आणि ते एवढ्या मोठ्याने निघालं की ट्रॅकवरून जाणारे दोघं थांबले, "चौथं राहिलं."